दोन ओळी खोडणारा भूतलिंगम

वाऱ्याची चित्रं काढून पोट भरणारी माणसं जगात फार नसतील. नागरकोविलचा भूतलिंगम पिळ्ळै त्यांतला एक. वडसेरीच्या बाजारात, केळ्यांच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर ज्ञानदास सारांचं ऑफिस आहे. तिथे तो कित्येक वर्षं नोकरी करतो. पवनचक्की उभारायची तर आधी त्या जागी उंच लोखंडी मनोरा उभा करतात, टोकाला बाण लावतात आणि वारा कुठून येतो ते महिनोन्‌महिने नोंदवत बसतात. त्या नोंदींचं जे गोल चित्र निघतं त्याला ऑफिसात सगळे फूल म्हणतात. ज्या दिशेने वारा जास्त येतो त्या दिशेची पाकळी लांब, बस, एवढंच. पण या एवढ्याशा फुलावर मोठमोठ्या चक्क्यांच्या रांगा कुठे आणि कशा उभ्या राहायच्या ते ठरतं. आणि ते फूल आपण काढतो, याची लिंगमच्या अंगात जी मिजास होती ती विचारू नका.

मिजास फुकटची नव्हती, हेही सांगायला हवं. तो नोकरीला लागला तेव्हा कोनमापक आणि रंगीत पेन्सिली घेऊन फुलं काढायचा. पुढे कंप्युटर आला, त्याच्या मागून पायथन नावाची त्याची भाषा आली. चाळिशी ओलांडलेला माणूस, इंग्रजी बेताचं, तरी व्हिडिओ थांबवून थांबवून तो प्रोग्राम लिहायला शिकला. आलेख काढायची जी लायब्ररी असते, तिच्याकडून गोल आलेख काढून घ्यायला शिकला. बायको नागम्माळ म्हणायची, "अभ्यासाचं वय होतं तेव्हा सिनेमे पाहिलेत, आता फोडा डोळे!" तो ऐकायचा नाही.

त्या लायब्ररीची एक खोड आहे. ती शाळेतल्या भूमितीच्या मास्तरांच्या वळणावर गेलेली. वर्तुळातलं शून्य ती उजव्या हाताला धरते आणि तिथून घड्याळाच्या उलट मोजत जाते. वाऱ्याच्या धंद्यात शून्य म्हणजे उत्तर, ती वर, आणि मोजायचं घड्याळाच्या काट्यांसारखं. हे लायब्ररीला मुद्दाम सांगावं लागतं. एका ओळीत सांगायचं, शून्य वर ने. दुसऱ्या ओळीत सांगायचं, काट्यांच्या दिशेने फिर. या दोन ओळी लिंगमने एका फाइलीत कायमच्या घालून ठेवल्या होत्या आणि ऑफिसातलं प्रत्येक फूल त्या फाइलीतून निघायचं.

सारांचा आणखी एक नियम होता. फुलाभोवती आकडे नकोत. "आपल्या गिऱ्हाइकाला अंश-बिंश कळत नाहीत, त्याला नकाशा कळतो," असं म्हणून ते फूल सरळ त्या जागेच्या नकाशावर चिकटवायला लावत. नकाशाची उत्तर वर, फूल मधोमध. गिऱ्हाईक बघायचं, मान डोलवायचं, आणि सही करायचं.

असं सगळं बरं चाललं होतं. मग जेर्लिन आली.

कुळच्चलच्या मासेमाराची पोर, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पंचविशीही न गाठलेली. बोलायला गोड, कामाला चलाख. पहिल्याच महिन्यात तिने फुलांत रंग आणले. मंद वारा फिका, जोराचा गडद, एकेका पाकळीत थरावर थर. लिंगमची फुलं आपली एका जांभळ्या रंगात असत. तिचं पहिलं फूल पाहून सार खुर्चीतून उठले, आणि सारांचे गुडघे गेलेले होते, ते सहसा कोणासाठी उठत नसत.

"एले लिंगम, इकडे ये! हे बघ! याला म्हणतात फूल!"

"बरंय, सार."

"बरंय काय रे नुसतं? इतकी वर्षं आपण लोकांना वांगी विकत होतो की रे!"

सार आपल्याच विनोदावर खोखो हसले. जेर्लिनही हसली. लिंगमनेही दात दाखवले, पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. वांगी! ज्या वांग्यांवर या ऑफिसचं भाडं भरलं गेलं, सारांच्या मुलीचं लग्न झालं, ती वांगी!

त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. कोणी जेर्लिनचं नाव काढलं की याच्या पोटात दुखायला लागायचं. बरं, पोर उर्मट असती तर निदान उघड भांडता आलं असतं. ती तर दिवसभर 'अण्णा, अण्णा' करायची. येताना त्याच्यासाठी कोपऱ्यावरची, रस्समात बुडवलेली गरम रसवडी बांधून आणायची. "अण्णा, हे तुम्ही एकट्याने शिकलात? क्लास न लावता? मला तर कॉलेजात दोन-दोन मॅडम होत्या तरी घाम फुटायचा," असं म्हणायची, तेही अगदी मनापासून. लिंगम रसवडी खायचा आणि मनात म्हणायचा, कौतुक करतेय सटवी, म्हणजे वरून बघतेय. मत्सर झालेल्या माणसाला कौतुकसुद्धा बोचतं, त्याला कोण काय करणार?

घरीही सुटका नव्हती. नागम्माळने एकदा ऑफिसच्या समारंभात ती फुलं पाहिली आणि घरी आल्यावर म्हणाली, "काही म्हणा, त्या पोरीच्या हातात जादू आहे हं. तुमचं बघून कळतं की वारा आहे. तिचं बघितलं की वाटतं, अंगावर येतोय."

"मग जा तिच्याकडेच जेवायला," लिंगम म्हणाला. आणि ताटावरून उठला.

त्यातच सारांनी एके दिवशी उघड सांगून टाकलं. आरुवामोळीच्या खिंडीत एका मोठ्या कंपनीचं नवं काम येतंय. ते काम जो सांभाळेल तो पुढे ऑफिस सांभाळेल, कारण आपले गुडघे आता जिने चढू देत नाहीत. ते बोलताना त्यांनी आधी लिंगमकडे पाहिलं आणि मग जेर्लिनकडे. ते दुसरं पाहणं जरा जास्त वेळ टिकलं, असं लिंगमला वाटलं. सारांची ती खुर्ची आपली, आपल्या कष्टाची, आणि काल आलेली पोर ती घेऊन जाणार, हे त्याच्या डोक्यात जे बसलं ते निघेना.

तोवर जेर्लिन रंग भरायची, पण शेवटचं फूल लिंगमच्या मशीनवर, त्याच्या फाइलीतून निघायचं. आता सारांनी तिला पेरियताळैच्या किनाऱ्याचं एक काम स्वतंत्र दिलं. ती लिंगमच्या टेबलाशी आली.

"अण्णा, तुमची ती फाइल द्याल का? सार म्हणाले, या वेळी तूच शेवटपर्यंत कर."

"देतो की. त्यात काय!" लिंगम म्हणाला.

ती पाणी प्यायला गेली. लिंगमने फाइलीची एक प्रत काढली. त्या दोन ओळींकडे बघत तो क्षणभर बसला. मग त्या खोडल्या आणि प्रत तिला पाठवून दिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला छातीत मोकळं वाटलं. आता हिचं फूल नकाशावर आडवं-तिडवं पडणार, गिऱ्हाइकासमोर फजिती होणार, आणि सार म्हणणार, लिंगम, तूच बघ रे बाबा. एवढं सोपं होतं ते.

पेरियताळैचं गिऱ्हाईक आलं त्या दिवशी लिंगम नवा शर्ट घालून आला होता. जेर्लिनने नकाशा उलगडला. लिंगमने मान पुढे काढून पाहिलं आणि त्याचा आ वासला. नैऋत्येला मोठी पाकळी, ईशान्येला धाकटी. उन्हाळ्या-पावसाळ्याचा वारा एकीकडून, हिवाळ्यातल्या कार्तिक-मार्गळीचा दुसरीकडून, जिथे हवा तिथे. फूल अगदी बिनचूक होतं.

गिऱ्हाईक म्हणालं, "फार सुंदर!" सारांनी टेबलावर थाप मारली. लिंगम गुपचूप आपल्या जागेवर गेला आणि पाठवलेली फाइल उघडून बघितली. ओळी नव्हत्या. खरंच नव्हत्या. मुप्पंदलची देवी इसक्की अम्मन आपली थट्टा करतेय की काय, असं त्याच्या मनात आलं.

घरी जाऊन तो जुना कोनमापक घेऊन बसला. नैऋत्य म्हणजे दोनशे पंचवीस अंश. वरून काट्यांसारखं मोजलं तर बोट डाव्या खालच्या कोपऱ्यात जातं. आता लायब्ररीच्या खोडीप्रमाणे उजवीकडून उलटं मोजलं, तर? बोट पुन्हा त्याच कोपऱ्यात. ईशान्येचंही तसंच. तिरक्या रेषेवरच्या त्या दोनच दिशा अशा, की कसंही मोजा, जागच्या जागी. बाकी सगळ्या दिशा पालथ्या पडतात, या दोन तेवढ्या वाचतात. आणि पेरियताळैचा वारा नेमका त्या रेषेवर वाहतो. दोन संध्याकाळी खर्ची घातल्यावर हे त्याला उमगलं. मग त्याने कोनमापक फेकून दिला. आपण मारलेला दगड तिच्या पायाशी फूल होऊन पडला होता.

पुढच्याच आठवड्यात सारांनी आरुवामोळीचं काम जेर्लिनला दिलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! लिंगम इतका जळला की दोन दिवस पोट बिघडल्याचं सांगून घरी बसला. आणि खोटं तरी काय होतं त्यात?

तिसऱ्या दिवशी मात्र तो शीळ घालत ऑफिसला आला, कारण घरी बसल्या बसल्या त्याला एक गोष्ट सुचली होती. आरुवामोळीचा वारा नैऋत्येचा नाहीच मुळी. डोंगरांच्या फटीतून तो थेट पश्चिमेकडून घुसतो, हे तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक. पश्चिम म्हणजे दोनशे सत्तर. उजवीकडून उलटं मोजलं की बोट थेट खाली, दक्षिणेला. आणि खिंडीच्या दक्षिणेला आहे काय? डोंगर! डोंगरातून वारा काढणार ही बाई! मोठं काम, मोठी कंपनी, मोठी फजिती. लिंगमने त्या दिवशी स्वतःहून जेर्लिनला सुंठीची सुक्कु कॉफी पाजली.

आनी हा महिना संपून आडी, म्हणजे साधारण आपला आषाढ, लागला. आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो, असं तिकडे म्हणतात. खिंडीत तर माणूस तिरका होऊन चालतो. मनोऱ्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी आल्या आणि जेर्लिनने फूल काढलं. एकच जाडजूड पाकळी, सरळ खाली, दक्षिणेला. लिंगम आपल्या जागेवरून चोरून बघत होता. तिच्या कपाळाला आठी पडली, आणि याच्या ओठांवर हसू आलं.

ती नकाशा घेऊन सारांकडे गेली. लिंगमही पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने मागे जाऊन उभा राहिला.

"सार, हे चुकलंय. वारा दक्षिणेकडून दाखवतंय," जेर्लिन म्हणाली.

"दक्षिणेकडून? छे! मग कुठे घोळ आहे?"

"मी नोंदी तीनदा तपासल्या. बेरजा-बिरजा सगळ्या ठीक आहेत. एकच शक्यता उरते, सार. मनोऱ्यावरचा बाण पाव फेरा वाकडा बसवलाय."

"आणि ती फूल काढायची फाइल? ती बघितलीस का उघडून?"

"ती कशाला बघायची, सार?" जेर्लिनला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "ती अण्णांची आहे. ती कशी चुकेल?"

बाटली भरून वाहत होती ते लिंगमला कळलं नाही. बाण वाकडा, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. कारण तो बाण बसवला होता सुडलैमणीने. सुडलैमणी म्हणजे मनोऱ्यांवर चढणारा ऑफिसचा माणूस, आणि लिंगमचा सख्खा मेव्हणा, नागम्माळचा धाकटा भाऊ. आता बोलावं का? बोलायला तोंड कुठे होतं? सारांनी फोन उचलला आणि सुडलैला जे झाडलं ते खालच्या केळीवाल्यांनीही ऐकलं. शुक्रवारी कंपनीचे लोक येणार आणि तू बाण वाकडा ठोकतोस? डोळे फुटले का तुझे? वारा कमी झाला की चढायचं आणि सरळ करायचा, नाहीतर दुसरं काम बघ!

रात्रीच्या जेवणाला सुडलै बहिणीकडे आला. आला कसला, कोसळला. हा माणूस ऐंशी मीटर वर एका हाताने विडी पेटवायचा, पण अपमान त्याला पेलवत नसे.

"मी वाकडा बसवला? मी, अक्का? होकायंत्र धरून, खूण करून, देवाचं नाव घेऊन बसवलाय मी तो! त्या कालच्या पोरीने कागद बघून सांगितलं, आणि सारांनी मला चोर ठरवलं!"

"अहो, तुम्ही गप्प काय बसलात?" नागम्माळ नवऱ्यावर घसरली. "तुम्हाला सगळं कळतं ना त्यातलं? सारांशी बोला की!"

"मी काय बोलणार? काम तिच्याकडे आहे," लिंगम भाताकडे बघत म्हणाला.

"अत्तान, तुम्हाला तरी वाटतं का मी चुकलो असेन?" सुडलैने बहिणीच्या नवऱ्याकडे वळून विचारलं.

"बघू. सगळं नीट होईल," लिंगम म्हणाला. आणि रस्सम वाढायला सांगितलं. मनात त्याने ठरवलं होतं की सकाळी लवकर जाऊन तिच्या मशीनवर त्या दोन ओळी हळूच परत घालायच्या. फूल आपोआप सरळ होईल, आणि कुणाला काही कळायचं नाही.

सकाळी तो शर्टची बटणं लावत होता, तेवढ्यात नागम्माळ फोन हातात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. चेहरा पांढरा पडलेला.

"अहो, सुडलै चढतोय! या वाऱ्यात! त्याची बायको रडतेय. म्हणाला, वर जाऊन बाणाचा फोटो काढतो आणि त्या पोरीच्या तोंडावर फेकतो. ऐकत नाहीये कुणाचं!"

लिंगमने चप्पलसुद्धा नीट घातली नाही. स्कूटर काढली आणि खिंडीचा रस्ता धरला. तोवाळै ओलांडल्यावर वाऱ्याने स्कूटर रस्त्याच्या कडेला ढकलायला सुरुवात केली. आयुष्यभर त्याने वारा कागदावर पाहिला होता. आता तो कानात ओरडत होता, आणि याच वाऱ्यात एक माणूस लोखंडाला लोंबकळतोय, तो आपल्यामुळे, एवढंच लिंगमच्या डोक्यात होतं. मुप्पंदलला सगळ्या गाड्या इसक्की अम्मनसमोर थांबतात. लिंगम थांबला नाही. तिच्यासमोर उभं राहायची त्याची हिंमत झाली नाही.

मनोऱ्याच्या पायथ्याशी जेर्लिन उभी होती. सुडलैने पहाटेच तिला फोनवर सुनावलं होतं, म्हणून पहिल्या बसने ती तिथे पोचली होती. केस तोंडावर उडत होते, ओरडून ओरडून घसा बसला होता.

"अण्णा, बरं झालं आलात! मी हात जोडले, तरी ऐकलं नाही त्यांनी. हाक वर पोचतच नाहीये!"

सुडलै निम्म्याच्या वर गेला होता. मनोरा हलताना दिसत होता. लिंगमने हाक मारली, ती त्याला स्वतःलाही ऐकू आली नाही. मग त्याचं लक्ष सुडलैच्या हत्यारांच्या पिशवीकडे गेलं. त्याने मोठा पाना उचलला आणि मनोऱ्याच्या पायावर ठण्‌ठण्‌ तीन घाव घातले, थांबला, पुन्हा तीन घातले. चढणाऱ्यांची ही खूण आहे. माणसाचा आवाज वारा खातो, पण लोखंडातून घाव वरपर्यंत जातो. तीन घाव म्हणजे खाली ये, काहीतरी वाईट घडलंय. वरचा ठिपका थांबला. बराच वेळ थांबला. मग एकेक पायरी खाली यायला लागला.

जमिनीवर पाय टेकल्यावर सुडलैने कमरेचा पट्टा सैल केला. त्याने लिंगमला मिठीच मारली.

"अत्तान! मला वाटलं घरी कोणीतरी गेलं. काय झालं?"

"काही नाही. तू खाली ये म्हणून."

"तुम्ही एकटेच आलात हो माझ्यासाठी," सुडलै म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "सार नाही आले, आपलं कोणी नाही आलं."

इथे लिंगमला गप्प बसता आलं असतं. माणूस वाचला होता, वर हाच देव ठरला होता. पण जेर्लिन म्हणाली, "सुडलैअण्णा, आज नको. वारा उतरला की मग चढा. बाण तर सरळ करावा लागेलच." सुडलै उसळला, "वाकडा नाहीये म्हणतो ना! चढतो आत्ताच!" आणि त्याने पुन्हा पट्ट्याला हात घातला.

"बाण सरळ आहे," लिंगम म्हणाला. "फूल वाकडं आहे. फाइलीतून मी दोन ओळी खोडून दिल्या होत्या हिला."

आधी जेर्लिनच बोलली, आणि तिने जे विचारलं त्याची लिंगमने कल्पनाच केली नव्हती.

"मग पेरियताळैचं फूल बरोबर कसं आलं?"

लिंगमने पान्याच्या टोकाने तांबड्या मातीत वर्तुळ काढलं, त्यातून ईशान्य-नैऋत्य तिरकी रेघ ओढली. पुढे काही सांगणार, तोच ती म्हणाली, "हां हां! त्या रेषेवर सगळं उलटतं! रेषेवरचा वारा जागच्या जागी, आणि पश्चिम मात्र दक्षिणेला! अण्णा, आणि कार्तिकात ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबलो असतो तर आपल्याला कळलंच असतं. बाण वाकडा असता तर ईशान्येची पाकळीही सरकली असती. ती सरकली नसती!"

लिंगमला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. तिला पापणी लवायचा अवकाश लागला, वर तिने याला न सुचलेलंही सांगून टाकलं. मेव्हणा मरता मरता वाचलाय, स्वतःचं पाप उघडं पडलंय, आणि तशा वेळीसुद्धा लिंगमच्या पोटात तीच जुनी कळ उठली. त्याला स्वतःची किळस आली.

मग जेर्लिनच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलं. ओळी खोडल्या गेल्या म्हणजे कोणीतरी मुद्दाम खोडल्या, हे आता तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"का पण, अण्णा?"

लिंगमने पायाने मातीतलं वर्तुळ पुसून टाकलं. सुडलैने पट्टा सोडला, हत्यारं पिशवीत भरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "घरी जाऊन अक्काला हे तुमच्या तोंडाने सांगा. मी सांगणार नाही." आणि हमरस्त्याकडे चालायला लागला.

दुपारी सारांनी दोघांना समोर बसवलं. "काय ते एकदा कळू दे मला. बाण वाकडा की सरळ?"

"सरळ आहे, सार," जेर्लिन म्हणाली. "सुडलैअण्णांची काही चूक नाही. फाइलीत दोन ओळी नव्हत्या. मी ती न वाचता वापरली. चूक माझी."

लिंगमकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सार खवळले. "न वाचता? आणि त्यापायी माणूस मरायला निघाला होता! रंग भरता आले म्हणजे सगळं आलं असं वाटलं का तुला? अनुभव तो अनुभव. लिंगम, आरुवामोळी तुझ्याकडे घे. खुर्चीचंही तेच समज."

मिळालं. जे हवं होतं ते सगळं, अगदी खुर्चीसकट. लिंगम आनंद होण्याची वाट बघत बसला. पण त्याची नजर जेर्लिनवर होती. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. ती सहन करू शकत होती. आपल्याला हे या जन्मात जमलं नसतं, हे लिंगमला स्वच्छ कळलं. हात तिचा, डोकं तिचं, आणि आता मोठेपणाही तिचाच? तोही?

"सार, थांबा!" तो जवळजवळ ओरडलाच. "ओळी नव्हत्या असं नाही. होत्या. मी खोडल्या. मुद्दाम."

"अण्णा, राहू द्या आता—"

"तू गप्प बस! सगळंच तुला नाही मिळणार!"

सारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खाली केळ्यांचा लिलाव चालू होता, त्याचा गलका वर येत होता.

"का रे?" त्यांनी विचारलं.

"जळत होतो, सार. हिच्यावर."

"आणि आता?"

लिंगमने जेर्लिनकडे पाहिलं. खोटं बोलायची त्याच्यात ताकद उरली नव्हती. "आताही जळतोय," तो म्हणाला.

सारांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "काम जेर्लिनचं. खुर्चीही तिची. तुला आज हाकलून द्यायला पाहिजे, पण नाही हाकलत. तिच्या शेजारी बस आणि जळ. तिचं प्रत्येक फूल बाहेर जायच्या आधी तू तपास, एकूण एक ओळ. तुझ्यासारखा डोळ्यांत तेल घालून हिच्या चुका शोधणारा माणूस मला पगार देऊन मिळायचा नाही."

लिंगम मान खाली घालून बाहेर आला. मागोमाग जेर्लिन आली. ती त्याच्याशी बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे बरेच दिवस नाही. तिने आपलं टेबल ओढून त्याच्या टेबलाला लावायला सुरुवात केली. टेबल जड होतं, एकटीला सरकेना. लिंगमला उठून दुसरं टोक धरावं लागलं.